व्यापाऱ्यांचे फोन ठेव, बाकीचे पूस

आप्पा, आईचा उजवा कान गेल्यातच जमा आहे आणि डावा त्याच वाटेनं निघालाय. परवा तिला निमगावहून बोलावून घेतलं आणि इथं बारामतीत कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. यंत्र बसवता येईल म्हणाले, पण त्यातून आवाज आहे तसा येत नाही, थोडा पत्र्यावर वाजल्यासारखा येतो, आणि डावा कान किती दिवस साथ देईल तेही सांगता येत नाही. हे सगळं मी तिला समजावून सांगत होते, म्हणजे ओरडून सांगत होते, त्यामुळं बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्यांना आमच्या घरची बित्तंबातमी कळली. आई मात्र एकदम शांत. तिची ती शांतता तुम्हाला ठाऊक आहे. बाजारात भाजीवाल्यानं उगाच चढा भाव सांगितला की ती अशीच गप्प उभी राहायची आणि शेवटी भाजीवालाच चुळबुळ करायला लागायचा. डॉक्टरांचं बोलून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मंजी आजून ऐकू येतंय न्हवं? मग घरी चल. एक काम हाय."

काम काय ते सांगण्याआधी थोडं मागचं लिहिते. तुम्हाला ते सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते नीट क्रमानं आठवून बघायचंय. तुमचा तो मोठ्या बटणांचा फोन तुम्ही डाळिंबाच्या एका व्यापाऱ्यावर चिडून घेतला होता. त्यानं संध्याकाळी फोनवर एक भाव सांगितला, तुम्ही माणसं लावून माल तोडला, आणि सकाळी गाडी दारात आल्यावर तो फळांवरचे डाग बोटानं दाखवत म्हणाला की असा भाव मी बोललोच नव्हतो. तोडलेलं फळ परत झाडाला लावता येत नाही. तुम्ही त्या दिवशी तो देईल त्या भावाला माल दिलात. पण पुढच्याच आठवड्यात बारामतीला येऊन, चार दुकानं पालथी घालून, प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होतो असा फोन घेतलात आणि ती रेकॉर्डिंगं साठवायला मेमरी कार्ड घेतलंत. त्यानंतर कुठल्याही व्यापाऱ्याचा फोन आला की तुम्ही सुरुवातीलाच सांगायचा, "बोला की. पर आमचा फोन समदं ऐकून ठिवतो बरं का." माणसं एकदम सुधारली. एक जण तर इतका जपून बोलायला लागला की तारीख, वार आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगूनच भावाला हात घालायचा.

कार्ड एक नाही, दोन घेतली होती. ही तुमची अक्कल, दुकानदाराची नाही. मी तेव्हा बारामतीला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन शिकत होते आणि दर शनिवारी एसटीनं घरी यायचे. तुमचं म्हणणं, क्रेटसारखं करायचं. भरलेलं क्रेट गाडीत चढतं आणि रिकामं शेडात उतरतं, तसं शनिवारी तू रिकामं कार्ड आणायचं आणि भरलेलं घेऊन जायचं. मग मी फोनची बॅटरी काढून तिच्या खालचं नखाएवढं कार्ड बाहेर सरकवायचे, तुम्ही शेजारी उकिडवे बसून श्वास रोखून बघायचा, आणि दुसरं आत बसलं की "झालं का? बसलं का?" असं दोनदा विचारायचा. बारामतीला गेल्यावर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फायली उतरवायच्या, नंबर बघून व्यापाऱ्यांच्या वेगळ्या काढायच्या आणि कार्ड पुसून रिकामं करायचं. तुमचा हुकूम एका ओळीचा होता: व्यापाऱ्यांचे फोन ठेव, बाकीचे पूस. आणि पुसायचं ते शेवटी. आधी फाइल तिकडं पोचली, उघडली, वाजली, मगच इकडची पुसायची. "माल पोचल्याचा फोन आल्याबिगर आपण हितलं शेड झाडतो का?" असं तुम्ही मला विचारलं होतं. कॉम्प्युटरच्या वर्गात सर हेच अर्धा तास शिकवत होते आणि कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

एकदा तुम्ही मला बोलला होता तेही आठवतं. मी चुलीपाशी बसून आईला हसत हसत सांगत होते की आत्याचा फोन आला होता, तिनं तिच्या सुनेबद्दल काय काय सांगितलं. तुम्ही भाकरी तशीच ताटात ठेवलीत. "तुला ऐकाय कुणी सांगितलं? नंबर बघायचा, आवाज वळखायचा, बास. मानसं माझ्याशी बोलत्यात, तुझ्याशी न्हाय." माझा चेहरा पडला. नंतर जाताना एसटीच्या थांब्यावर तुम्ही खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिलीत. मला वाटलं चिक्की असेल. आत लाल रंगाचा कार्ड रीडर होता. कॉलेजचा रीडर सतत कुणीतरी पळवलेला असतो अशी कुरकूर मी कधीतरी केली होती, ती तुम्ही लक्षात ठेवली होती. रागावल्यावर माफी मागायची तुमची पद्धत ही अशीच, वस्तू हातात ठेवायची आणि गाडी आली का बघायला रस्त्याकडं तोंड करायचं.

त्या 'बाकीच्या' फोनांमध्ये सगळ्यात जास्त माझेच असायचे. कारण तुमचा आणि आईचा अबोला. गावातल्या सगळ्याच घरांत नवरा-बायको अबोला धरतात, त्यात नवल नाही, आणि मग घरातलं पोर निरोप्या होतं, समोरासमोर बसलेल्या दोघांचे निरोप इकडून तिकडं नेत. पण मी बारामतीला आल्यावर तुमच्याकडं निरोप्याच उरला नाही. तर तुम्ही फोन लावायला लागलात. "तुझ्या आईला सांग, रातची लाइट हाय, मी मोटर चालू कराय जाणार हाय." मग फोन आईच्या हातात, आणि मी तिला सांगणार की आप्पा मोटर चालू करायला जाणार आहेत. "सांग त्यास्नी, स्वेटर खुंटीला हाय." परत फोन तुमच्याकडं. तुम्हा दोघांत दोन हातांचं अंतर, आणि निरोप बारामतीहून फिरून यायचा. माझी मैत्रीण पोट धरून हसायची. मी वरवर वैतागायचे, पण खरं म्हणजे मला त्याचा गर्व होता. माझ्याशिवाय या घराचं पान हलत नाही असं वाटायचं. त्या सगळ्या फायली मी दर आठवड्याला पुसत गेले. तुम्हीच सांगितलं होतं, आणि पुढच्या शनिवारी नव्या येणारच होत्या.

शेवटचा अबोला शेवग्यावरून झाला. स्वयंपाकघराच्या दाराशी आईनं लावलेला शेवगा, त्याच्यामुळं मालाची गाडी शेडाकडं वळेना, म्हणून तिला न विचारता तुम्ही तो तोडलात. ती माहेरी एका लग्नाला गेली होती, आली तर नुसतं खोड. त्या आठवड्यात मला रोज फोन. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी तुम्ही ठिबकच्या नळ्या बघायला बागेत गेलात आणि तिथंच बसलात. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत आणलं, पण काही उपयोग झाला नाही. मी दवाखान्याच्या दारात तुमच्या आधी पोचले होते. माझ्या पर्समध्ये तेव्हा शनिवारी न्यायचं रिकामं कार्ड होतं. ते अजून माझ्याकडं आहे, त्यात आजही काही नाही. भरलेलं कार्ड फोनबरोबर गेलं असं मी धरून चालले होते, कारण दहावं-तेरावं झाल्यावर काकांनी तो फोन कुणाला तरी देऊन टाकला. व्यापाऱ्यांच्या फायली मात्र मी तेव्हापासून जपल्यात. एक कॉम्प्युटर गेला, दुसरा आला, पण त्या दर वेळी आधी हलवल्या. मध्ये एकदा आईला विचारलं होतं, ऐकवू का? "मालाचं बोलणं मी काय ऐकू," म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

तर परवाचं. घरी आलो, दुपारची जेवणं झाली. हे ऑफिसला गेलेले, घरात आम्ही दोघीच. आईनं तिच्या पिशवीतून तुमची चुन्याची डबी काढली. ॲल्युमिनियमची, दोन तोंडांची, एका बाजूला तंबाखू आणि एका बाजूला चुना. मला वाटलं आठवण म्हणून आणली असेल. तिनं चुन्याच्या बाजूचं झाकण दातानं उघडलं आणि तळहातावर उपडं केलं. कार्ड पडलं. फोन काकांकडं द्यायच्या आधी तिनं बॅटरी काढून ते बाहेर सरकवलं होतं, मी काढायचे तसंच. मला बघून बघून शिकली होती. घरात एवढी घट्ट बसणारी लहान डबी दुसरी नाही म्हणून त्यात ठेवलं, आणि धुऊन ठेवलं होतं म्हणाली. पण आप्पा, तुमच्या डबीतला चुना एका धुण्यानं कुठला जातोय? कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरा थर बसलेला. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं असतं, सांगा.

"इतकी वर्षं दिलं का नाहीस?" मी विचारलं. पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"धीर झाला न्हाय." ती डबीचं झाकण लावत, काढत राहिली. "माझ्याशी अबोला धरूनच गेलं की गं ते. शेवटचा शब्द पण न्हाय. आता त्यात काय आसंल? 'तुझ्या आईला सांग, तुझ्या आईला सांग.' त्या रागाचा आवाज परत ऐकायचा व्हय? पर आज डाक्तर म्हणलं तवा वाटलं, राग तर राग. आवाज तर त्यांचाच हाय. उद्या तोबी ऐकू यायचा न्हाय."

इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन बसली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला वाटायचं तिला तुमचं जाणं लागलंय. तिला लागला होता तो अबोला.

आधी गडबडीत कार्ड तसंच मोबाइलमध्ये घातलं. त्यानं लगेच सांगितलं की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? खाली निळ्या अक्षरांत 'करा'. हल्लीचे फोन पुसायची भारी घाई करतात. माझं बोट तिथपर्यंत गेलं होतं, काढून घेतलं. मग देवघरापाशी उजेडात बसले, खोडरबर घेतलं आणि एकेक पट्टी हलक्या हातानं घासली. आई समोर बसून विचारत होती, "जातंय का? निघतंय का?" पाठीमागं तुम्ही उकिडवे बसलाय की काय असं वाटत होतं. जुना लॅपटॉप काढला, तुमचा लाल रीडर लावला. पहिल्यांदा काहीच नाही. काढून, फुंकून, पुन्हा लावलं. मग एक फोल्डर उघडलं आणि फायलींची रांग लागली. प्रत्येक फाइलीचं नाव म्हणजे एक फोन नंबर आणि पुढं दिवस-वेळ. व्यापारी, खतवाला, आत्या, व्यापारी, आणि मग माझाच जुना नंबर, पुन्हा पुन्हा. वाजवायच्या आधी सगळं कार्ड लॅपटॉपवर उतरवून घेतलं. पोचलं का ते बघितलं. मगच ऐकायला बसले, हेडफोन लावून, आधी एकटी. आईला म्हटलं, थांब, काय आहे ते मला बघू दे.

माझे सगळे फोन तसेच होते, तुझ्या आईला सांग, तुझ्या आईला सांग. राग होता, पण मला आठवत होता तेवढा नव्हता. आणि मग शेवटचा, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळचा. तुम्ही सांगताय की उद्या छाटणीला माणसं येणार हायेत, कालवण जादा करायला सांग. मी म्हणतेय, आप्पा, आई तिथंच आहे ना? "हाय की. पाठ करून बसलीया." मग मी म्हणतेय, थांबा, गॅसवर दूध ठेवलंय, आले. आणि माझ्या चपलांचा आवाज लांब जातो. पुढं कुणी बोलत नाही. पण फोन बंद झालेला नाही, रेकॉर्डिंग चालूच आहे. तिकडं कोंबड्या, भांड्याचा आवाज. मी फाइल बंदच करणार होते. तेवढ्यात तुमचा आवाज आला, फोनपासून जरा लांबून, अगदी साधा. ते ऐकलं आणि मी हेडफोन काढला, आईच्या डाव्या कानावर ठेवला, आवाज होता तेवढा वाढवला, मागं नेलं आणि पुन्हा लावलं. आवाज एवढा मोठा की शेजारी बसून मलाही ऐकू येत होता.

"अगं, टावेल कुठाय माझा?"

"खांद्याव काय हाय मग?"

"आं? व्हय की." आणि तुम्ही हसलात. तुमचं ते नाकातलं हसू. मग आईसुद्धा हसते, बारीक. "लाज वाटती सांगाय लोकास्नी." मग तुम्ही, "चा ठिव वाईच." आई, "ठिवलाय मघाच. शेरडाला बांधा तेवढं, मिरच्या खातंय."

आईनं तेव्हा माझ्याकडं बघितलं. "ही बाई कोण?"

"तू आहेस, आई. तूच."

ती ऐकत राहिली. मी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. चौथ्या-पाचव्या वेळी तिनं हात वर करून मला थांबवलं. "मंजी बोलत व्हतं की आमी," ती म्हणाली. "बोललो की. मला कसं आठवंना?" डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडावर हसू होतं, दोन्ही एकदम. पदरानं पुसलं, मग परत आलं, मग तिनं पुसणं सोडून दिलं. तुम्ही बोलला होता आणि तिनं उत्तर दिलं होतं, टॉवेलाचं आणि शेरडाचं, आणि दोघांनाही कळलं नव्हतं की अबोला मोडला. इतकं साधं बोलणं कोण कशाला लक्षात ठेवील? दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात आणि तिच्या लक्षात फक्त शेवगा राहिला.

पण रेकॉर्डिंग तिथं संपत नाही. माझ्या चपला परत येतात, मी म्हणते, हं आप्पा. आणि तुमचा आवाज लगेच बदलतो, एकदम कडक, घसा खाकरून. "आलीस का? हां. तर तुझ्या आईला सांग, चा ठिव म्हणावं."

हे ऐकून मी लॅपटॉपकडं बघतच राहिले. चहा तर आधीच ठेवला होता! म्हणजे मी दुधाकडं गेले की तुमचं छान चालत होतं, आणि मी आले की पुन्हा अबोला. खरं सांगू? पहिल्यांदा माझा हिरमोडच झाला. ज्या कामाचा मी एवढा तोरा मिरवला, ते काम तिथं नव्हतंच. आईला बोलून दाखवलं. तिला ते ऐकू जायला वेळ लागला, आणि मग ती माझ्याकडं असं बघायला लागली, जसं लहानपणी पाढे चुकल्यावर बघायची.

"येडी का काय तू? तुला फोन कराय मिळत व्हता म्हणून तर धरून बसलं व्हतं. आठवण येती असं म्हणाय कवा जमलं तुझ्या बापाला? काय सांगून लावनार फोन? मग हाय आपला अबोला."

एवढं बोलून तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला, डबी पिशवीत ठेवली आणि मी किती वेळ झाला चहा विचारला नाही म्हणून मलाच बोलली. संध्याकाळी तिला निमगावच्या एसटीत बसवून दिलं. कानाच्या यंत्राला ती आता हो म्हणते आहे. त्या दोन मिनिटांची फाइल मी तिच्या नव्या फोनमध्ये घातली आहे आणि एका बटणावर वाजेल असं करून दिलंय.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते मलाही कळतं. लिहून झालं की मोबाइलमध्येच ठेवून देईन. फक्त एक गोष्ट राहिली, ती आईला सांगितलेली नाही. ती गेल्यावर मी ती फाइल पुन्हा लावली. मग काल कामाला जाण्याआधी लावली, आणि आजही. तुमचं टॉवेलाचं बोलणं मी सोडून देते, ते तुम्हा दोघांचं आहे. मी दूध बघून परत येते तिथूनच लावते. तुम्ही विचारता, "आलीस का?" आणि आप्पा, घरात कुणी नसतं, तरी दर वेळी माझ्या तोंडून मोठ्यानं निघून जातं, "आले."